बरगे काढलेले सर

सरांच्या घरी पाणी मागू नये, हे आमच्या बोळातल्या पोरांना चौथीतच कळतं. मागायचंच झालं तर काकूंकडं मागावं. काकू तांब्या देतात. सर संदर्भ देतात.

गंगावेशीतून पंचगंगा घाटाकडं उतरताना डाव्या हाताला जो बोळ लागतो, त्यात सरांचं जुनं दोन मजली घर. खाली सर आणि काकू, वर मी भाडेकरू. कॉलेजात त्यांचा विद्यार्थी होतो, त्यामुळं महिन्याला भाडं आणि रोज संध्याकाळी हजेरी अशी दुहेरी आकारणी चालते. सरांचं खरं नाव पोस्टमन आणि वीजबिल सोडून कुणी घेत नाही. सगळं गाव त्यांना प्रवाहसर म्हणतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि ग्रंथ लिहायला घेऊन तीस. विषय : आधुनिकतावादी कादंबरीतील जलप्रतिमा आणि निवेदनशैली. शीर्षक तयार आहे, उपशीर्षक तयार आहे, अर्पणपत्रिकाही तयार आहे. ती काकूंच्या नावे आहे, पण काकूंचा तिच्यावर विश्वास नाही.

सरांचा सिद्धांत ऐकायला दोन तास लागतात. मी दोन मिनिटांत सांगतो, ते हे वाचणार नाहीत अशा बेतानं. माणसाचं मन साखळीसारखं कडीला कडी जोडून चालत नाही, ते नदीसारखं वाहतं, असं विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० साली लिहिलं. १९१८ साली मे सिंक्लेअर या बाईंनी ती नदी उचलून डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांत सोडली. तिथून ती जॉइसकडं गेली, व्हर्जिनिया वूल्फकडं गेली आणि १९४२ साली मराठीत आली. बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’. आपण तिला संज्ञाप्रवाह म्हणतो. इथवर सर शांत असतात. मग ते चष्मा काढतात. “आणि मर्ढेकरांच्या तिसऱ्या कादंबरीचं नाव काय? १९४८?” आपण गप्प राहायचं असतं. “पाणी! अरे, नावच पाणी!” असं म्हणून ते मांडीवर जी थाप मारतात, तशी खासबागेत शड्डू ठोकणाऱ्यानंही कधी मारली नसेल.

पुस्तकातलं पाणी घरात आणायची त्यांना खोड आहे. जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये ब्लूम मध्यरात्री कोकोसाठी किटली भरायला नळ सोडतो. त्या एका नळापायी जॉइस ते पाणी कुठल्या जलाशयातून निघालं, कुठल्या नळांतून कसं आलं, याचा सगळा पंचनामा करतो. झालं. तेव्हापासून पहाटे नळाला पाणी आलं की सर लुंगी सावरत मोरीत उभे. “राधानगरीतून सुटलं... भोगावतीला लागलं... बालिंग्याला उपसलं...”

“घागर सरकवा,” काकू म्हणतात, “भरून वाहत्ये.”

त्याच कादंबरीतला स्टीफन पाण्याचा द्वेष्टा आहे आणि त्यानं शेवटची आंघोळ आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात केलीय, हेही सरांना पाठ आहे. थंडीत ते हा दाखला काढतात. काकू बादली आदळतात. साहित्यिक वाद तिथं संपतो.

‘फिनेगन्स वेक’मधल्या नदीच्या प्रकरणात जॉइसनं जगातल्या शेकडो नद्यांची नावं शब्दांच्या पोटात लपवून ठेवलीत. सर गेली अकरा वर्षं त्यात भिंग घेऊन भोगावती शोधतायत. मध्यंतरी एकदा सापडली होती. नंतर तो डाग निघाला.

सरांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. परदेशी सिद्धांत त्यांनी कोल्हापुरी पाण्यात इतका खळाखळा धुतला की तो आमच्या कॉलेजच्या पोरांनाही कळायचा. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते, वि. स. खांडेकरांनी उत्तरायुष्य इथंच काढलं. म्हणजे घाटदार कथानकाचं माहेर हे. त्यावर सरांचं म्हणणं असं : “कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघितलायस? दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पाऊस संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पाऊस तोंडावर आला की काढायचे, नदी मोकळी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधना’त बरगे कसे घालावेत ते शिकवलं. मर्ढेकरांनी ते काढले.” तंत्र, गुंतागुंत, निरगाठ, उकल या सगळ्याचा एवढ्या मोजक्या वाक्यांत निकाल लावलेला मी तरी दुसरीकडं वाचला नाही.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हा त्यांचा दुसरा हुकमी एक्का. “पाणी ठरल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं. हात कुणाचा? कुणाचाच नाही! लेखकानं असं लिहावं.”

एका वर्षी शिरोळकडचा एक पोरगा वर्गात होता, घरचा ऊस. तो मागच्या बाकावरून उभा राहिला. “सर, बरगं काढलं की नदी मोकळी हुत्या ते खरं. पर मग उसाला काय पाजायचं?” वर्ग हसला. सरांनी त्याला बसायला सांगितलं आणि पुढचे आठ दिवस ते अस्वस्थ होते. अजूनही कधी कधी मधेच विचारतात, “तो ऊसवाला काय करतो रे हल्ली?” तो साखर कारखान्यात आहे. बरं चाललंय त्याचं.

मग दूधकट्टा. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या, गवळी समोर धार काढून पेला हातात देतो, फेसासकट. सरांच्या मते साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात संज्ञाप्रवाहाचं याहून शुद्ध उदाहरण नाही. “मधे गाळणी नाही, चूल नाही, साय नाही. अनुभव थेट धारेखाली!” गवळी वयस्क, त्यांना मान देणारा. एवढंच म्हणाला, “सर, फेस बसूदे, मग बोला. मिशीला लागलाय.” खरं तर सरांना कच्चं दूध सोसत नाही. घरी रतीबाचं येतं, काकू ते तीनदा उकळतात आणि उकळलेलाच अनुभव सर रात्री हळद घालून घेतात.

रतीबाचा विषय निघाला म्हणून कार्डांकडं येतो, कारण सगळं महाभारत कार्डांवरूनच झालं. सरांचा ग्रंथ म्हणजे सोळा खोकी. खोकी चपलांची, आतली कार्डं जाड, पांढरी, छापखान्यातून कापून आणलेली. खोक्यांवर चिठ्ठ्या : साचलेलं पाणी, वाहतं पाणी, खारं पाणी, विहिरी, पाऊस, ओल, डोळ्यांतलं पाणी. एका खोक्यावर नुसतं ‘बुडणे’. खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’तली घागर भरलेली की रिकामी, यावर दोन कार्डं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. विलास सारंगांच्या ‘एन्कीच्या राज्यात’साठी वेगळं खोकं, कारण एन्की हा मेसोपोटेमियाचा गोड्या पाण्याचा देव. हा देव आपल्याकडं असता तर राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची फुटं मोजायला बसला असता, असं मी एकदा म्हणालो, तर सरांनी तेही लिहून घेतलं. कुठल्या खोक्यात टाकलं ते कळलं नाही.

सर लिहायचे शाईच्या पेननं, निळ्या शाईत, वळणदार. बॉलपेननं लिहिलेला विचार त्यांना पोरका वाटतो. आणि कार्डाच्या एकाच बाजूला लिहायचं, मागची बाजू कोरी, ही त्यांची शिस्त. ती कोरी बाजू काकूंच्या डोळ्यांत खुपायची. चांगला जाड पुठ्ठा, एका अंगानं वाया! म्हणून त्या दुपारी सर झोपले की एकेक कार्ड उलटं करून बॉलपेननं दुधाचा हिशोब मांडायच्या. सरांना पत्ता लागला तेव्हा दोनेकशे कार्डं होऊन गेली होती. भांडण मी वरून ऐकलं. “व्हर्जिनिया वूल्फच्या पाठीवर तू रतीब लिहितेस?” “तिला काय कळतंय? मराठी येत्या व्हय तिला?” त्यावर सरांकडं संदर्भ नव्हता.

आता २०१९ चा ऑगस्ट.

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात ‘कसं काय’ विचारत नाही. ‘किती फुटावर?’ विचारतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. मधल्या चार फुटांत बायका लोणच्याच्या बरण्या वर चढवतात आणि पुरुष पुलावर पूर बघायला जातात. शिवाजी पुलाच्या कमानींशी पाणी असं भिडतं की पूल आणि पाणी मिळून मासा दिसतो म्हणे. ‘मच्छिंद्री झाली’ असं एका शब्दात सगळं शहर बोलतं. सोळा खोक्यांत या शब्दाचं कार्ड नव्हतं. सरांना या फूट-इंचांचा तिटकारा होता. “पाण्याला फुटपट्टी लावणारं गाव कादंबरी काय लिहिणार?” असं ते म्हणायचे. जामदार क्लबपर्यंत पाणी आलं अशी बातमी आली तेव्हा ते ‘लाटा’ वाचत होते. म्हणजे वूल्फबाईंची ‘द वेव्हज’. सहा माणसं पाळीपाळीनं मनातलं बोलतात आणि मधून मधून समुद्रावर ऊन चढतं, उतरतं. “ते दरवर्षी येतं,” सर पान न उलटता म्हणाले.

काकूंनी तांदूळ, देव, सिलिंडर, औषधं आणि बरण्या माझ्या खोलीत पोचवल्या. सरांनी ‘लाटा’ पोचवल्या. कार्डांचं विचारलं तर म्हणाले, वरच्या फळीवर आहेत. वरची फळी जमिनीपासून पाच फूट. पहाटे पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं.

त्या रात्री लाइट गेलेली, मोबाइल संपलेला. खालून मधेच काहीतरी आपटल्याचा, तरंगून भिंतीला लागल्याचा आवाज येई. कपाट असेल, पाट असेल. दर अर्ध्या तासानं सर मला बॅटरी घेऊन उठवत. “कितवी पायरी?” “चौथी.” “चौथीच्या वर की खाली?” “दोन बोटं वर.” फुटपट्टी नसलेल्या त्या घरात सरांनी बोटांचं कोष्टक तयार केलं.

काकू अंधारात बोलत होत्या, कुणाला उद्देशून नाही. “...पाचच्या साली पन असंच, न्हाई, तवा उंबऱ्यालाच थांबलं, धाकटीचं बाळंतपण म्हणून मी हिकडं नव्हते, ती बरणी आईची, चिनी मातीची, लग्नात आली तवा तिला टवका नव्हता, ह्यांनीच पाडला, पुस्तक काढताना, आई म्हणायची नदीला वटी भरली की ऐकत्या, ऐकत्या कसली, ऐकू येतंय का बघा, पाट वाजतोय, त्यावर धाकटीचं बारसं झालं, मी म्हटलं मीठ वर ठेवा, मिठाचं कुनाच्याच ध्यानात न्हाई...”

मी ताठ बसलो. वर्गात तीन वर्षं घसा कोरडा करून सरांनी जे शिकवलं, ते हेच. काळ मागंपुढं सरकतोय, बरणीतून लग्न निघतंय, लग्नातून नदी, बरगे काढलेले, दरवाजे आपोआप उघडलेले. मी सरांकडं बघितलं. अंधारातून त्यांचा त्रासलेला आवाज आला :

“अगं, नीट सांग! आधी काय झालं ते आधी सांग. क्रमानं सांग!”

सकाळी बोट आली. तालमीची पोरं होती. “काका, मधे बसा, हलू नका, पलटी हुईल.” सर मधे बसले आणि हलले नाहीत. ज्या बोळातून ते पन्नास वर्षं चालत गेले, त्यातून माणसं ज्या उंचीवरून कधी जात नाहीत त्या उंचीवरून आम्ही गेलो. पहिल्या मजल्यांच्या खिडक्या शेजारून सरकत होत्या. एका खिडकीत मांजर होतं. सर काही बोलले नाहीत. जलप्रतिमेचा जाणकार आणि भर पाण्यात गप्प, हे मी त्या एकदाच बघितलं.

पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शहराला पाणी देणारे उपसापंपच पुरात बुडाले, म्हणून चहूकडं महापूर आणि नळ कोरडे. राजारामपुरीत काकूंच्या बहिणीकडं आम्ही उतरलो होतो. तिथं टँकरच्या रांगेत सर घागर घेऊन उभे राहिले. एन्कीचं नाव काढलं नाही. पुढच्या बाईनं दोन हंडे जास्त लावले तेव्हा मात्र ते तिच्याशी अत्यंत वास्तववादी शैलीत भांडले.

आठ-नऊ दिवसांनी दार उघडलं. ‘टू द लाइटहाउस’चा मधला भाग हा सरांचा जीव की प्राण. दहा वर्षं बंद घर, आत नुसती ओल, वारा, झिजणारं सामान, आणि माणसांची मरणं चौकटी कंसात, एकेका वाक्यात उरकलेली. “माणूस कंसात आणि भिंत वाक्यात!” हे ते दरवर्षी डोळे मिटून सांगायचे. आता भिंत समोर होती. फळीच्या वर टीचभर एक तपकिरी रेघ, सगळ्या खोल्यांतून पट्टी लावून ओढल्यासारखी. खाली चिखल, त्यावर गादी फुगून पडलेली, चिखलाला नदीचा, रॉकेलचा आणि कुजक्या कांद्याचा वास. मी वाट बघत होतो, सर आता काय म्हणतात. सर उंबऱ्यात उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “मीठ राहिलंच गं.”

खोक्यांचा लगदा झाला होता, पण कार्डं जाड, ती तगली. शाई मात्र गेली. तीस वर्षांचं वळणदार अक्षर पंचगंगेनं नेलं आणि मागं एक फिकट निळी झाक ठेवली, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाला नीळ जास्त झाल्यासारखी. काकूंनी एकेक कार्ड चिखलातून काढलं, बादलीत विसळलं आणि गच्चीत दोरीवर चिमट्यांनी टांगलं. परकर, टॉवेल, वूल्फ, उशीचा अभ्रा, मर्ढेकर. मी म्हणालो, “सर, संज्ञा गेली, प्रवाह तेवढा राहिला.” सर हसले नाहीत. त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाक्य चांगलं होतं याचंही.

त्या डिसेंबरात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान आधीपासून ठरलेलं. रद्द करा म्हटलं तर ऐकेनात. सवयीनं कार्डांचा एक गठ्ठा घेऊन मंचावर गेले. साठेक माणसं होती. त्यात पुरातून सावरलेली निम्मी, दोन-तीन तरुण समीक्षक, आणि तिसऱ्या रांगेत काकू. सरांनी पहिलं कार्ड डोळ्यांसमोर धरलं. निळी झाक. दुसरं धरलं. तेही तसंच. हॉलमधला पंखा ऐकू येऊ लागला. मग त्यांनी कार्ड उलटं केलं, आणि आवाज लावून, शब्द शब्द सुटा करत वाचलं :

“सोमवार. अर्धा लिटर.”

माणसं सावरून बसली.

“मंगळवार. आला नाही. पाऊस.” पुढचं कार्ड. “बुधवार. एक लिटर. पाहुणे.” त्यांचा आवाज हळूहळू लागत गेला. “गुरुवार. पाणी घातलंय. सांगायचं.” इथं ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “शुक्रवार. सांगितलं. हसला.”

वीसेक कार्डं त्यांनी अशी वाचली, वाळली त्या क्रमानं. म्हणजे ऑगस्टनंतर मार्च, मार्चनंतर दिवाळी. एका कार्डावर नुसतं ‘नको’ होतं. त्या दिवशी घरात काय झालं असेल याचा विचार करत सगळा हॉल गप्प बसला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला.

टाळ्या झाल्यावर एक तरुण समीक्षक वही उघडून उभा राहिला. भारावला होता. “सर, ‘पाणी घातलंय, सांगायचं’ यातला तो लपलेला कर्ता, आणि पाण्याचं असं संपूर्ण निर्-अलंकारीकरण, हे मराठीत मी तरी वाचलेलं नाही. ही कुठली कादंबरी?”

सरांनी तिसऱ्या रांगेकडं बघितलं. काकूंनी पदराचा बोळा तोंडात घातला होता आणि खांदे हलत होते.

“अप्रकाशित आहे,” सर म्हणाले. “लेखिका हयात आहेत. रोज लिहितात.”